पक्ष कोणाच्या वर्गणीवर चालतो?

१९५७ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एक वरकरणी साधा अर्ज आला. टाटा आयर्न अँड स्टील कंपनीला आपल्या मेमोरँडममध्ये एक कलम वाढवून हवे होते: राजकीय पक्षांना देणग्या देण्याची मुभा. भागधारकांतून हरकत आली. कंपनीने पक्षाला पैसे देऊ नयेत, असा कायदा तेव्हा नव्हता. त्यामुळे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना परवानगी नाकारता येत नव्हती. ती त्यांनी दिली. मात्र निकाल देताना त्यांनी धोक्याची सूचनाही नोंदवून ठेवली. एकेका मताच्या बळावर उभ्या असलेल्या लोकशाहीत कंपन्यांची तिजोरी उतरली, तर हा धोका वाढत जाऊन एक दिवस लोकशाहीचाच गळा आवळला जाईल, संसदेने याचा वेळीच विचार करावा, असा त्या सूचनेचा आशय होता. प्रजासत्ताक होऊन तेव्हा पुरती आठ वर्षेही झाली नव्हती.

या पुस्तकाचा विषय त्या निकालपत्रापासून सुरू होतो. राजकीय पक्ष सामान्य माणसाचे की पैसेवाल्यांचे, हा प्रश्न आपल्याकडे एसटी स्टँडपासून दिवाळी अंकांच्या परिसंवादापर्यंत सगळीकडे विचारला जातो. ‘सगळे एकाच माळेचे मणी’ हे उत्तरही तयारच असते. मला ते मान्य नाही. सगळेच सारखे म्हटले की कोणाचाच हिशेब मागायला नको, आणि हिशेब मागितला न जाणे ज्यांच्या सोयीचे आहे त्यांना यापेक्षा बरे उत्तर कोणते मिळणार? माझे म्हणणे वेगळे आहे. आपले पक्ष दोघांचेही प्रतिनिधित्व करतात. सामान्य माणसाचे काम ते शिफारसपत्राने करतात आणि श्रीमंताचे काम नियमाच्या मजकुरात करतात. असे का झाले, हे कळायला पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा त्याच्या वर्गणीचे पुस्तक उघडलेले बरे.

एके काळी हे पुस्तक खरोखरच वर्गणीचे होते. गांधीजींच्या नेतृत्वाखाली १९२० नंतर काँग्रेसचे सभासदत्व चार आण्यांवर आले आणि वकील-व्यापाऱ्यांच्या या संस्थेत शेतकरी शिरला. १९२१ मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी एक कोटी रुपये जमवायचे ठरले आणि ते जमले. त्यात मुंबईच्या धनिकांचा वाटा मोठा होता, हे लपवण्याचे कारण नाही. काँग्रेस कधीच निव्वळ गरिबांच्या पैशावर चालली नाही. पण चार आणे देणाऱ्या लाखो माणसांची तिला गरज होती, आणि ज्याची गरज असते त्याचे ऐकावे लागते.

बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष तर पूर्णपणे कष्टकऱ्यांच्या बळावर उभा राहिला. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या या पक्षाने पुढच्याच वर्षी मुंबई विधिमंडळात डझनाहून अधिक जागा जिंकल्या. लगेच सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोतीपद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले, आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातून आलेल्या हजारो कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर धडकला. निवडणूक, विधेयक आणि रस्त्यावरची माणसे यांत वर्ष-दीड वर्षाचेही अंतर नव्हते. प्रतिनिधित्व कशाला म्हणावे, हे मला कोणी विचारले तर मी आधी या तीन घटनांकडे बोट दाखवीन.

स्वातंत्र्यानंतर शेतकरी कामगार पक्षाने हाच वारसा सांगितला. केशवराव जेधे, शंकरराव मोरे ही माणसे काँग्रेस धनिकांची झाली म्हणून बाहेर पडली. पुढे ते दोघेही काँग्रेसमध्ये परतले. यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणात बाहेरचे अनेक गट असेच सामावले गेले. मागे राहिलेल्यांमध्ये सांगोल्याचे गणपतराव देशमुख होते. १९६२ साली ते पहिल्यांदा आमदार झाले आणि एकूण अकरा वेळा निवडून आले. दुष्काळी तालुका, विरोधी पक्षाचे बाक आणि एसटीने प्रवास करणारा आमदार. त्यांच्याविषयी आपण भरभरून लिहितो, पण ते सारे लेखन एका सज्जन माणसाविषयी असते. सांगोल्यासारख्या तालुक्यात पैशाशिवाय निवडणूक जिंकणारा पक्ष गावोगावच्या कार्यकर्त्यांनी कसा टिकवला आणि उरलेल्या महाराष्ट्रात तो का टिकला नाही, याचा अभ्यास मात्र फारसा होत नाही. मतदारानेही अशा पक्षांना सोडले, हेही कबूल केले पाहिजे. सहकारी साखर कारखान्याने उसाला भाव दिला, पतपेढीने कर्ज दिले, शिक्षणसंस्थेने मुलाला नोकरी दिली. ज्याच्या हातात हे सगळे, त्याच्या पक्षाला मत देणे ही सामान्य माणसाची चूक नव्हती. त्याच्यापुढे पर्यायच तसे होते.

पैशाचा कायदा मात्र दिल्लीत घडत होता. १९६९ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारने कंपन्यांच्या देणग्यांवर बंदी आणली. छागलांचे ऐकले गेले, असे वाटावे. पण पक्ष चालवायचा कशावर, याची दुसरी कोणतीच सोय केली नाही, म्हणून देणगी बंद न होता ती रोखीत आणि अंधारात गेली. १९८५ मध्ये बंदी उठली. २०१३ च्या कंपनी कायद्याने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंत देणगीची मर्यादा ठेवली. २०१७ मध्ये ही मर्यादाच काढून टाकली गेली, म्हणजे तोट्यातली कंपनीही हवी तेवढी देणगी देऊ शकत होती. त्याच वर्षी निवडणूक रोख्यांची कल्पना आली आणि २०१८ पासून स्टेट बँक ऑफ इंडियाच्या शाखांत हे रोखे मिळू लागले.

सर्वांत लहान रोखा एक हजाराचा होता आणि सर्वांत मोठा एक कोटीचा. सामान्य माणसालाही आपल्या पक्षाला बँकेतून स्वच्छ पैसा देता येईल, असे सांगितले गेले. प्रत्यक्षात एकूण सुमारे साडेसोळा हजार कोटींचे रोखे विकले गेले आणि त्या रकमेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग एक कोटीच्या रोख्यांचा होता. हजार रुपयांचा रोखा घेऊन बँकेतून बाहेर पडणारा शिक्षक किंवा रिक्षावाला या हिशेबात दुर्बिणीनेही सापडत नाही. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो हे जाणून घेणे मतदाराच्या माहितीच्या अधिकारात येते, असे न्यायालयाने सांगितले. कंपन्यांच्या देणगीची मर्यादा काढण्याचा बदलही त्याच निकालाने रद्द झाला. मार्चमध्ये याद्या बाहेर आल्या. एप्रिल २०१९ पासूनच्या आकड्यांत भारतीय जनता पक्षाला सहा हजार कोटींहून अधिक मिळाले होते. तृणमूल काँग्रेस, काँग्रेस आणि भारत राष्ट्र समिती यांनाही प्रत्येकी हजार कोटींच्या वर. सर्वांत मोठी खरेदीदार लॉटरीच्या धंद्यातली कंपनी होती आणि दुसरी सरकारी कंत्राटे घेणारी पायाभूत सुविधांची कंपनी. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने रोखे घेतले नाहीत आणि तो त्यांच्याविरुद्ध न्यायालयातही गेला. ‘सगळे सारखेच’ म्हणणाऱ्यांनी एवढी एक नोंद तरी ठेवावी.

वरून पक्षात आलेला पैसा खाली उमेदवारापर्यंत कसा पोचतो, किंवा पोचतच नाही आणि उमेदवारालाच स्वतःचा आणावा लागतो, हे पाहायचे तर नमुना २६ चे प्रतिज्ञापत्र वाचावे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मतदाराला उमेदवाराची माहिती मिळालीच पाहिजे असा निकाल दिला, त्याचे हे फळ. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर ते कोणालाही उघडता येते. नोटरीचा शिक्का, पानोपानी सही आणि मग रकाने: स्वतः, पती किंवा पत्नी, हिंदू अविभक्त कुटुंब, अवलंबून असलेल्या व्यक्ती. हातातली रोकड, ठेवी, सोने किती तोळे, गाड्या कोणत्या, शेतजमीन कोणत्या गटात, बिगरशेती भूखंड कुठे, आजचा बाजारभाव काय. मी अशी प्रतिज्ञापत्रे बरीच वाचली आहेत. त्यात लक्ष वेधून घेतो तो भूखंडांचा रकाना. शहराची हद्द जिकडे सरकते, महामार्ग जिकडून जाणार असतो, त्या गावांची नावे तिथे पुन्हा पुन्हा येतात.

असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था या प्रतिज्ञापत्रांची मोजदाद करते. २००९ मध्ये लोकसभेचे ५८ टक्के सदस्य कोट्यधीश होते; २०२४ मध्ये ९३ टक्के झाले. या आकड्याचा अर्थ सांभाळून लावायला हवा. पंधरा वर्षांत जमिनीचे भाव वाढले, आणि आज पुण्यात जुना दोन खोल्यांचा फ्लॅट असणारा निवृत्त कारकूनही कागदावर कोट्यधीशाच्या जवळ जातो. पण २०२४ च्या लोकसभेतल्या सदस्याची सरासरी मालमत्ता ४६ कोटी आहे, आणि तिथे फ्लॅटचे कारण पुरत नाही. आपल्याकडे विधानसभेच्या उमेदवाराला ४० लाख आणि लोकसभेच्या उमेदवाराला ९५ लाख रुपये खर्चाची मर्यादा आहे. पक्षाने सर्वसाधारण प्रचारावर किती खर्च करावा, याला मर्यादाच नाही. २०१३ मध्ये गोपीनाथ मुंडे यांनी एका जाहीर कार्यक्रमात २००९ च्या आपल्या निवडणुकीला आठ कोटी लागल्याचे बोलून दाखवले. तेव्हाची मर्यादा पंचवीस लाखांची होती. आयोगाने त्यांना नोटीस काढली. मुंडे ऊसतोड कामगारांचे नेते होते. कोयता घेऊन बीडहून पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या माणसांच्या उचलीचा आणि मजुरीचा प्रश्न त्यांनी राज्याच्या राजकारणात आणला. अशा नेत्यालाही निवडणुकीचा एवढा खर्च सांगावा लागतो, तर ऊसतोड कामगार स्वतः कधी उमेदवार होणार?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. पैसा देणाऱ्याला मिळते काय? कंत्राट, परवाना ही उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत. मला त्यापेक्षा महत्त्वाची वाटते ती नियमातली एक ओळ. याचे महाराष्ट्रातले सर्वांत ठळक उदाहरण मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचे आहे.

जानेवारी १९८२ मध्ये दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. संप बुडाला, गिरण्या एकेक करून बंद पडल्या आणि लालबाग-परळ ते वरळीपर्यंत सुमारे सहाशे एकर जमीन मोकळी होणार हे दिसू लागले. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत नियम ५८ आला. त्याचे सूत्र असे की, गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करायचा असेल तर ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी द्यायची आणि उरलेली मालकाने वापरायची. मालकांनी दहा वर्षे या नियमाचा फारसा उपयोगच केला नाही. २००१ मध्ये नियम बदलला. वाटणीचे प्रमाण तसेच दिसत राहिले, पण ही वाटणी आता सगळ्या जमिनीची नव्हती. गिरणीच्या आवारात ज्या जागेवर बांधकाम उभे होते ती वाटणीतून वगळली आणि फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या तुकड्याचे तीन भाग करायचे ठरले. गिरणीचे आवार म्हणजे चाते, माग, गोदामे आणि चिमण्या. रिकामी जागा असणार किती? शहराच्या आणि कामगारांच्या वाट्याची जमीन कित्येक पटींनी घटली. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल अॅक्शन ग्रुप न्यायालयात गेला. उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, पण मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बदललेला नियम कायम ठेवला. पुढे म्हाडाने गिरणी कामगारांकडून घरांसाठी अर्ज मागवले तेव्हा दीड लाखाच्या आसपास अर्ज आले. २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरे होती सात हजारांहून कमी.

हा बदल विधानसभेत मतदान होऊन झाला नाही. तो नगरविकास खात्याच्या पातळीवर, अधिसूचनेने झाला. त्या काळात मुंबईतला एकही पक्ष असा नव्हता जो गिरणी कामगाराचे नाव घेत नव्हता. कामगारांच्या सभेला सगळे पक्ष येत होते आणि त्यांच्या वाट्याची जमीन त्याच वर्षांत कागदावरून नाहीशी होत होती.

याच्या शेजारी आमदाराच्या संपर्क कार्यालयातली सकाळ ठेवून पाहावी. ससून किंवा केईएममध्ये खाट मिळत नाही, मुलीचा अकरावीचा प्रवेश अडला आहे, जातीच्या दाखल्याची फाईल प्रांत कार्यालयात पडून आहे, रोहित्र जळून आठवडा झाला. स्वीय सहायक लेटरहेडवर चार ओळी टाइप करतो, आमदार सही करतात, कधी फोनही लावतात. हे काम खोटे नाही. त्यातून माणसे वाचतात, आणि ते करणारा आमदार लोकांना आपला वाटतो हे योग्यच आहे. पण खाटेसाठी पत्र लागू नये एवढ्या खाटा असाव्यात, हा निर्णय त्या कार्यालयात होत नाही. पत्र देणाऱ्याला कोणाला नाराज करावे लागत नाही. खाटा वाढवायच्या तर अर्थसंकल्पात पैसा दुसरीकडून काढावा लागतो, आणि तिथे देणगीदार बसलेला असतो.

नेता श्रीमंत म्हणून पक्ष श्रीमंतांचा, असा सोपा हिशेब मात्र मी करत नाही. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर स्वतः खाणमालक होते. त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षामागे बहुजन समाज आणि कुळे उभी होती, आणि १९६४ मध्ये कूळ कायदा आला. दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकारांसाठीचा १९७५ चा कायदा त्याच पक्षाच्या राजवटीत, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना झाला. ज्यांच्या मतांवर पक्ष उभा, ती माणसे भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जागेवर राहत होती, म्हणून नियमही जमिनीचाच बदलावा लागला.

महाराष्ट्रातले असे उदाहरण रोजगार हमी योजनेचे. वि. स. पागे यांची कल्पना १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव भागात लहान प्रमाणात सुरू झाली. ती राज्यभर नेली १९७२ च्या दुष्काळाने. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि त्यांच्या मोर्चांनी तहसील कचेऱ्या गजबजल्या होत्या. लाल निशाण पक्षापासून समाजवाद्यांपर्यंत अनेक गटांनी त्या मजुरांना संघटित केले. १९७५ मध्ये शहरी पगारदारांवर व्यवसाय कर बसवून या कामांसाठी पैसा उभा केला, आणि १९७७ मध्ये कामाचा कायदेशीर हक्क देणारा कायदा विधिमंडळाने एकमताने मंजूर केला. आजही पगारपत्रकात जो व्यवसाय कर कापला जातो, त्याचा जन्म या खडी फोडणाऱ्या बायकांच्या मजुरीसाठी झाला, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत आहे. या योजनेतून झालेले रस्ते आणि बंधारे जमीनदार शेतकऱ्याच्याही उपयोगी पडले, पुढे १९९० मध्ये तिला फळबागांची जोड मिळाली, म्हणून सत्ताधाऱ्यांना ती पचली, असे अभ्यासक म्हणतात. असेलही. तरी भूमिहीन मजुराला त्यात पत्र मिळाले नाही, कायद्याचे कलम मिळाले. जुलै २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेतल्या दरमहा पंधराशे रुपयांनी कित्येक घरांत पहिल्यांदाच बाईच्या खात्यात तिचा स्वतःचा पैसा आला. मी त्याला कमी लेखत नाही. फरक एवढाच की, तो शासन निर्णयाने आला आहे आणि शासन निर्णयानेच जाऊ शकतो.

पक्षाचा मालक कोण, हा प्रश्नही गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात उघडपणे निवडणूक आयोगापुढे गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये शिवसेनेचे आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे नाव व चिन्ह कोणाकडे जावे, हे ठरवताना आयोगाने विधिमंडळातले बहुमत निर्णायक मानले. सतरंज्या उचलणारा, बूथवर बसणारा, वर्षानुवर्षे सभासदाची पावती जपणारा कार्यकर्ता कोणाच्या बाजूने आहे, यावर निकाल लागला नाही. तसा तो लागणेही अवघड होते, कारण पक्षांनीच आपल्या सभासदाला कधी मोजण्याजोगे ठेवले नव्हते. मतदाराची गतही वेगळी नव्हती: मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे निवडणूक न झाल्याने मुंबई महापालिकेत एकही नगरसेवक नव्हता. वर्षाला हजारो कोटींचा कारभार प्रशासकाने चालवला. एवढा काळ सामान्य माणसाचा सर्वांत जवळचा प्रतिनिधी नाहीसा झाला, आणि त्यासाठी एखाद्या मोठ्या पक्षाने शहर बंद पाडल्याचे मला आठवत नाही.

पुढच्या प्रकरणांत याच धाग्याने साखर कारखाने, शिक्षणसंस्था, बांधकाम व्यवसाय आणि पक्षांचे वार्षिक हिशेब पाहिले आहेत. वीस हजारांपेक्षा कमी रकमेच्या देणगीदाराचे नाव पक्षाला आजही जाहीर करावे लागत नाही, याचाही विचार त्यात आहे. पक्षांना सरकारी तिजोरीतून निवडणूक खर्च द्यावा काय, यावर मी स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. माझे मत त्याच्या बाजूने आहे, पण सभासदांची वर्गणी आणि अंतर्गत निवडणुका यांची अट घातली तरच.

वाचकाला माझी विनंती एवढीच आहे. विधानसभेत बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने संमत होतात. कोणत्या सदस्याने कोणत्या बाजूने मत दिले, याची नोंद मतविभागणी मागितली तरच होते. आपल्या आमदाराकडे दाखल्यासाठी जाल तेव्हा दाखला जरूर मागा. त्याच वेळी, या अधिवेशनात त्यांनी कोणत्या विधेयकावर मतविभागणी मागितली, हेही विचारा. आणि विकास नियमांच्या बदलाची सूचना वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत येते तेव्हा ती वाचा. हरकत नोंदवायला साधारण महिन्याची मुदत असते, आणि ती नोंदवायला कोणाच्या पत्राची गरज लागत नाही.